टू-पोस्ट की फोर-पोस्ट? आधी जमीन तपासा

घरच्या गॅरेजमध्ये लिफ्ट बसवली आहे असं कळलं की गाड्यांची आवड असणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो: "टू-पोस्ट घेऊ की फोर-पोस्ट? आणि सोबत काय काय घ्यावं लागेल?" टू-पोस्ट म्हणजे दोन खांबांची लिफ्ट, तिच्या खांबांतून निघालेले चार हात गाडी खालून उचलतात; फोर-पोस्ट म्हणजे चार खांबांची, तिच्या रॅम्पवर गाडी चाकांवर उभी राहते. तुम्हीही तोच प्रश्न विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. पण त्याआधी मला सांगा, तुमच्या गॅरेजमधलं काँक्रीट किती जाड आहे?

मला माझ्या गॅरेजमधलं माहीत नव्हतं. टू-पोस्ट लिफ्ट घरी येऊन पडली होती, खांबांच्या जागा खडूने आखून झाल्या होत्या. पहिल्या अँकर बोल्टसाठी ड्रिल लावलं आणि 7 सेंटीमीटरवर ते एकदम सुटून खाली गेलं. खाली नुसता भराव. वरून पाहिलं तर जमीन गुळगुळीत, घट्ट, कुठे केसाएवढी भेग नाही. टू-पोस्टसाठी बहुतेक उत्पादक किमान 100 मिलिमीटर जाडीचं आणि साधारण 3000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकदीचं काँक्रीट मागतात, काही मॉडेलना 150 मिलिमीटर लागतं. दोन्ही खांबांखाली मोठे चौकोन कापले, खणलं, सळ्या बांधल्या, नवीन काँक्रीट ओतलं आणि ते पूर्ण ताकद धरेपर्यंत 28 दिवस थांबलो. ते दिवस जड गेले, पण आज गाडीखाली उभा राहतो तेव्हा मन शांत असतं ते त्यामुळेच.

टू-पोस्टच्या बाबतीत एवढी काळजी का, ते समजून घ्या. खांब बाजूला आणि गाडीचं वजन मधल्या हातांवर. त्यामुळे दोन्ही खांब आतल्या बाजूला झुकू पाहतात आणि खांबाच्या पायथ्याचे बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटले जाऊ पाहतात. सगळा भरवसा त्या बोल्टांवर आणि ते धरून ठेवणाऱ्या काँक्रीटवर. म्हणून बोल्टच्या जवळ भेग, सांधा किंवा काँक्रीटची कड नको; किती अंतर सोडायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतील तर इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिलला हातही लावू नका. फोर-पोस्टचं वजन चार पायांतून सरळ खाली उतरतं, म्हणून ती जमिनीच्या बाबतीत बरीच सोशिक आहे. काही फोर-पोस्टना तर चाकं लावून रिकामी असताना जागा बदलता येते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही गाडीखाली जाऊन नेमकं काय करणार, यावर उत्तर ठरतं. सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स उतरवणं अशी कामं वरचेवर असतील तर टू-पोस्ट. चारही चाकं मोकळी लटकतात आणि खालचा भाग पूर्ण उघडा मिळतो. एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या असतील, अधूनमधून ऑइल बदलायचं, सायलेन्सर बघायचा एवढंच असेल तर फोर-पोस्ट. गाडी सरळ चढवायची, उचलायची. हात कुठे लावायचे हा प्रश्नच येत नाही. माझ्या मते घरी लिफ्ट बसवणाऱ्यांपैकी बहुतेकांना फोर-पोस्टच योग्य. मी टू-पोस्ट घेतली, कारण मला गिअरबॉक्स उतरवायचे होते. सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या दांड्या उघडून वर जाणारी, कमी उंचीच्या छताखाली बसते आणि टायर-ब्रेकच्या कामाला छान आहे, पण तिची यंत्रणा गाडीच्या बरोबर पोटाखाली येते, नेमकी जिथे तुम्हाला हात घालायचा असतो.

छताचं गणित सोपं आहे, तरी लोक तिथेच फसतात. खालची गाडी 1.5 मीटर, वरची 1.5 मीटर, मधल्या रॅम्पची जाडी 15 सेंटीमीटर आणि वर वीतभर मोकळी जागा धरली तर सुमारे 3.35 मीटर झाले. छत मोजताना तुळई, दिवे आणि मुख्य म्हणजे उघडल्यावर छताला समांतर जाणारा दरवाजा विसरू नका. दरवाजा उघडा ठेवून मोजा.

क्षमतेचा आकडा गाडीच्या वजनाइतकाच बघू नका. टू-पोस्टची क्षमता 4 टन असेल तर साधारणपणे प्रत्येक हाताच्या वाट्याला 1 टन येतो, आणि इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढचे हात जास्त वजन घेतात. इंजिन उतरवलं की तोल मागे सरकतो. म्हणून असं जड काम करताना गाडीच्या टोकांना उंच सपोर्ट स्टँड लावायचे. ते उचलण्यासाठी नसतात, गाडी झुकू नये म्हणून असतात.

सोबत घ्यायच्या वस्तूंत मी सगळ्यात वर ठेवीन ते हातांच्या टोकांना लावायचे रबर पॅड आणि उंची वाढवणारे अडॅप्टर. गाडीचे उचलायचे बिंदू कंपनीने ठरवलेले असतात. चुकीच्या जागी पॅड लागला तर पत्रा दबतो, आणि इलेक्ट्रिक गाडीत थेट बॅटरीच्या पेटीवर दाब येऊ शकतो. फोर-पोस्ट घेणार असाल तर रोलिंग जॅक, म्हणजे दोन रॅम्पच्या मधे सरकवून चाकं वर उचलणारा जॅक, त्याच वेळी घ्या. तो नसेल तर चाकं रॅम्पवरच टेकलेली राहतात, म्हणजे टायर काढता येत नाही, ब्रेक उघडता येत नाहीत. वरच्या गाडीचं ऑइल खालच्या गाडीच्या रंगावर टपकू नये म्हणून ट्रेही हवेतच. हलवता येणारा एक चांगला दिवा घ्या. बाकीचं हळूहळू जमवता येतं.

सुरक्षेचं प्रमाणपत्र नसलेली लिफ्ट मात्र कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. युरोपात ईएन 1493 हे मानक आहे, अमेरिकेत एएलआयचं (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं) प्रमाणपत्र असतं. असं काहीच दाखवता येत नसेल तर त्या विक्रेत्याशी पुढे बोलूच नका. आणि लिफ्ट कितीही चांगली असली तरी नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. सील फुटू शकतं, नळी गळू शकते. गाडी हव्या त्या उंचीवर नेली की लॉक बसल्याचा आवाज ऐकायचा, मग थोडी खाली आणून वजन लॉकवर टेकवायचं. टू-पोस्टवर मी आणखी एक करतो: चाकं जमिनीपासून हातभर उचलली की थांबतो, बंपरला धरून गाडी जोरात हलवतो, चारही पॅड जागच्या जागी आहेत का ते वाकून बघतो, आणि मगच वर नेतो. इतकी वर्षं झाली, एकदाही टाळलेलं नाही.

तेव्हा लिफ्टची ऑर्डर देण्याआधी खांबांच्या जागेजवळ, खालून पाइप किंवा वायर जात नाहीत याची खात्री करून, एक बारीक भोक पाडा. त्यात तार घालून, खालच्या कडेला अडकवून जाडी मोजा. तो आकडा आणि छताची उंची मला कळवा, मग मॉडेलचं बोलू.