मंगळवारचा बाराचा खेळ

मंगळवार हा टॉकीजचा वैरी. शुक्रवारी लागलेला चित्रपट रविवारपर्यंत कशीबशी अब्रू राखतो, सोमवारी खुर्च्या मोजता येतात आणि मंगळवारी माणसं. बाराच्या खेळाला दहा जण आले तर मशीन सुरू करायचं, नाही तर बुकिंगवाला खालून ओरडतो, ''मामा, ऱ्हाऊ दे आज!'' 4 जुलै 2023 ला याच हिशेबानं मी साडेअकरालाच केबिनमध्ये जेवणाचा डबा उघडून बसलो होतो.

बेळगावातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर आहे. नाव सांगत नाही, आमचे मालक सगळं वाचतात. चौतीस वर्षांत मी किती चित्रपट दाखवले याची मोजदाद नाही, पण बघितलेले फार थोडे. लोकांना हे पटत नाही. रिळांच्या काळात दोन मशीन असायची आणि रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात टिपका यायचा. पहिल्या टिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला बदलायचं. त्यामुळे माझी नजर कायम त्या कोपऱ्यात. खाली हिरॉईन रडते का मरते, मला काय. मधून कार्बनच्या कांड्या पुढं सरकवायच्या, तुटलेली पट्टी जोडायची. पुढं डिजिटल आलं, टिपका गेला, आणि मग तर पडद्याकडं बघायचं कारणच उरलं नाही. बटण दाबायचं आणि पेपर वाचायचा. चित्रपट कसा आहे ते मला खालच्या आवाजावरून कळतं. खुर्च्या करकरायला लागल्या की चित्रपट पडला.

त्या आठवड्यात 'बाईपण भारी देवा' होता, केदार शिंदे यांचा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, 30 जूनला लागलेला. आमच्याकडं त्याला बाराचा एकच खेळ, बाकीचे तीन कन्नडला. पोस्टरवर सहा बायका. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते सोडल्या तर बाकीच्या चौघी मला मालिकांमधून ओळखीच्या. हिरो नाही, मारामारी नाही. घरात रोज रात्री बायकांची भांडणं टीव्हीवर फुकट दिसतात, ती बघायला पैसे मोजून कोण येणार, असं मी मालकांना बोलूनही दाखवलं होतं. शनिवार-रविवारी बरी गर्दी झाली, ती एकादशीला माहेरी आलेल्या लेकींची, असं मी धरून चाललो.

पावणेबाराला खालून हाक आली, ती मात्र वेगळी. ''मामा, खाली बघा की जरा!''

खिडकीतून वाकून बघितलं तर गेटपासून रस्त्यापर्यंत बायका. छत्र्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, हातात पिशव्या. उचगाव, बेकिनकेरे, कडोली, येळ्ळूर, कुठून कुठून आलेल्या. मंगळवार कसा निवडला म्हणाल, तर आषाढात आमच्याकडं गावोगावी वार पाळतात. त्या दिवशी शेतात पाय टाकायचा नाही. रोप लावणीच्या दिवसांत बाईमाणसाला मिळणारी तेवढीच सुट्टी. त्यात 11 जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झालेला. आधारकार्ड दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. एका आजींनी आमच्या बुकिंगच्या खिडकीतसुद्धा आधारकार्ड सरकवलं.

''आजी, हितं पैसे पडतात.''

''असं काय? मोटारवाला तर न्हाई म्हणाला.''

मागच्या बायका हसल्या आणि त्या हसण्यातच आजींचं तिकीट कुणीतरी काढलं. बाल्कनी भरली, खाली पहिल्या चार रांगा सोडून सगळं भरलं. मंगळवारी असं मी कधी बघितलेलं नव्हतं.

चित्रपट सुरू केला आणि सवयीनं पेपर उघडला. पंधरा मिनिटांत पेपर खाली ठेवावा लागला. विनोदी चित्रपटाला हसू कसं येतं ते मला ठाऊक आहे. एक जण विनोद करतो, लोक हसतात, मग शांतता, मग पुढचा. इथं हसू थांबतच नव्हतं, नुसतं जागा बदलत होतं. बाल्कनीत हसू, मग खाली डाव्या बाजूला, मग मागं. आणि काही ठिकाणी वाक्य यायच्या आधीच हसू. म्हणजे पडद्यावरची बहीण काय बोलणार ते खालच्या बायकांना आधीच माहीत!

गोष्ट साधी आहे. सहा सख्ख्या बहिणी, एकमेकींपासून तुटलेल्या, मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. ऐकून मलाही वाटलं होतं की आता फुगड्या आणि रडारड. पण

खटका उडाला. दीड वाजला असेल, वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत दोन-चार मिनिटं जातात, आणि दिवा विझला की मशीन लगेच परत पेटवता येत नाही, थंड होऊ द्यावं लागतं. दहा-बारा मिनिटांचा खेळखंडोबा. हिंदी चित्रपटाला अशा वेळी शिट्ट्या आणि शिव्या सुरू होतात. मी कान मिटून घेतले.

शिव्या आल्या नाहीत. टाळ्या आल्या, तालात. खिडकीतून डोकावलो तर पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत मोबाईलच्या बॅटऱ्या लागलेल्या, आणि नऊवारी-सहावारी सगळ्या पदर खोचून झिम्मा खेळतायत. दोघी फुगडीला भिडलेल्या, दोघींचं वय मिळून शंभराच्या वर. डोअरकीपर, कानडी माणूस, मराठी तोडकंमोडकं येणारा, तो दारात उभा राहून त्यांना बॅटरी दाखवत होता. मी जिना उतरून खाली गेलो. म्हटलं, बाईसाहेब, पाय घसरेल, मालक माझ्यावर येतील. एक म्हणाली, ''मशीन नीट करा तुम्ही. आमचं मशीन चालू हाय.''

दिवा पेटवून चित्रपट पुन्हा लावला आणि, कशामुळं कोण जाणे, मी वर थांबलो नाही. डोअरकीपरच्या शेजारी भिंतीला टेकून उरलेला सगळा बघितला. पडदा पूर्ण, कोपऱ्यासकट.

मला जे सापडलं ते सांगतो. सहा जणी पडद्यावर एकदम असतात, बोलते एक, पण गंमत बहुतेक वेळा न बोलणारीत असते. एक तणतणते, तेव्हा दुसरी पदर सारखा करते, तिसरी भलतीकडं बघते. आमच्या घरात हेच चालतं. माझी बायको आणि तिची थोरली बहीण तीन वर्षं बोलत नाहीत. कारण? सासूबाईंचा तांब्याचा हंडा. तो हंडा सध्या कुणाच्याच घरी नाही, भावानं विकला म्हणतात, पण अबोला शाबूत आहे. वंदना गुप्ते नाक उडवायच्या तेव्हा मला मेव्हणी दिसायची, आणि मी मोठ्यानं हसलो. डोअरकीपर माझ्याकडं वळून बघायला लागला. चौतीस वर्षांत त्यानं मला हसताना बघितलं नसावं. ''छलो ऐतरी,'' तो म्हणाला, म्हणजे चांगलं आहे. त्याला अर्धं तरी कळलं असेल का? पण हसत होता माझ्याबरोबरीनं.

सगळंच सोनं होतं असं नाही. उत्तरार्धात थोडं शिकवायला लागतात, एक-दोन ठिकाणी डोळ्यांतलं पाणी ओढून काढलंय, आणि प्रत्येक बहिणीचं दुःख वाटून द्यायच्या नादात मधे गाडी रखडते. रिळांचा काळ असता तर एक रीळ मी गुपचूप गाळलं असतं. (गाळलेली आहेत. कुठली ते विचारू नका.) पण शेवटच्या खेळांना प्रेक्षागृह उभं राहिलं, तेव्हा मीही भिंत सोडली होती.

खेळ उशिरा सुटला. बायका बसस्थानकाकडं धावल्या. मागं खुर्च्यांखाली शेंगांची टरफलं, एक छत्री आणि मोगऱ्याचा चुरा. तीनच्या कन्नड खेळाला वीस मिनिटं उशीर झाला, त्याचं बोलणं मालकांकडून खाल्लं.

रात्री जेवताना बायकोला म्हटलं, ''उद्या बाराला टॉकीजला ये. पास सांगतो. आणि बघ, जमलं तर अक्कालाही बोलव. बहिणी-बहिणींचाच आहे.''

तिनं भाकरी वाढली. ''बघितलाव की आम्ही. शनवारी.''

''कुठं?''

''तुमच्याच टॉकीजला. तिकीट काढून गेलाव.''

''आम्ही म्हणजे?''

''मी आणि अक्का. आणि कोण?'' आमटीचं पातेलं पुढं सरकवत ती म्हणाली, ''तुम्ही वरच होतासा की. हात केला मी. पेपर वाचत होतासा.''