पंजे पाहून पत्रिका

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की बघायला येणारा प्रत्येक जण आधी त्याचा पंजा उचलतो. "बापरे, हे दांडगं होणार!" एक जण सांगून मोकळा होतो. दुसरा कान ताणून बघतो. तिसरा पाठीची सैल कातडी चिमटीत धरून "अजून बरंच भरायचंय" असा निर्वाळा देतो. पिल्लू मात्र ज्याच्या हातात असेल त्याचं बोट चावत बसतं.

या पंजाशास्त्रात काहीच तथ्य नाही असं नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं लहानपणीही जाडजूड असतात. पण पिल्लाचं अंग सगळीकडून सारखं वाढत नाही, इथेच ज्योतिष फसतं. पाचव्या-सहाव्या महिन्यातलं पिल्लू बघा. पाय लांबलेले, छाती अरुंद, कान डोक्याला न शोभणारे. पळताना मागचं धड पुढच्याला गाठू बघतं आणि वळणावर चारही पाय चार दिशांना घसरतात. या वयात कुठलंही पिल्लू ग्रेट डेनसारखं धिप्पाड कुत्रं होणार असंच वाटतं.

पंजावर विश्वास नसलेल्यांसाठी गणित आहे. वजन भागिले आठवड्यांतलं वय, गुणिले 52. म्हणजे 16 आठवड्यांचं पिल्लू 8 किलोचं असेल तर मोठेपणी 26 किलो. हिशेब तोंडी करण्याजोगा, म्हणूनच लोकप्रिय. त्यात सगळी पिल्लं वर्षभर एकाच चालीनं वाढतात असं धरलेलं आहे, आणि नेमकं तेच होत नाही. छोट्या जाती चार महिन्यांच्या आसपास निम्मं वजन गाठतात आणि वर्षाच्या आत वाढ उरकतात. मोठ्यांना निम्म्यावर यायलाच पाच-सहा महिने लागतात, आणि अगदी अजस्र जाती दीड-दोन वर्षं वाढत राहतात. त्यामुळे चिमुकल्या जातींना हे सूत्र हमखास फुगवून दाखवतं.

जात माहीत असेल, आईबाप डोळ्यांसमोर असतील, तर खरं तर गणिताची गरजच नसते. आईबापांकडे बघावं, उत्तर समोर उभं असतं. आकाराचा बराचसा कारभार जनुकांच्या हातात आहे. छोट्या जातींच्या छोटेपणात आयजीएफ-1 या एकाच जनुकाचा वाटा मोठा असल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

उत्सुकता खरी असते ती रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाबद्दल, आणि तिथेच सूत्राचे हातपाय गळतात. वजन काट्यावर कळतं, वय कुठून आणायचं? मग डॉक्टर ओठ वर करून दात बघतात. दुधाचे दात 28, टोचतील असे अणकुचीदार. चौथ्या महिन्याच्या सुमारास पुढचे पडू लागतात, मग सुळे, आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुधा सगळे 42 कायमचे दात येतात. यावरून वय कळतं, पण मोघम. आता तेच 8 किलो घ्या. वय 13 आठवडे धरलं तर उत्तर 32 किलो, 20 आठवडे धरलं तर जेमतेम 21. एक कुत्रा मांडीवर मावायला धडपडेल, दुसरा मांडीच मोडेल. त्यात बापाचा पत्ता नाही. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणजे भावंडं बघूनही निकाल लागत नाही.

खाऊ घालून उंची वाढवता येईल असं काहींना वाटतं. येत नाही. उलट मोठ्या जातीच्या पिल्लाला भराभर वाढवलं, वरून कॅल्शियमचा मारा केला, तर हाडं आणि सांधे बिघडतात. हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ पट्टे असतात. ते भरून आले की उंची थांबली, मग वाडगं कितीही भरा. एक्स-रेमध्ये हे पट्टे दिसतात, त्यामुळे वाढ संपली की नाही हे डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकतात.

मालकांना मात्र ते पटत नाही. तीन वर्षांच्या कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागेनाशा झालेल्या असतात, वरून पाहिलं तर कंबर नाहीशी झालेली असते, आणि तरी ते कौतुकानं सांगतात, "अजून वाढतोय हो तो!" खोटं नसतं ते. फक्त दिशा बदललेली असते.