घुमणारा आवाज: आधी खोली, मग सॉफ्टवेअर

घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची बेडरूम म्हणजे गुळगुळीत टाइल्स, कोऱ्या भिंती आणि काचेची स्लायडिंग खिडकी. आवाज रेकॉर्ड करताना ट्रॅफिकमुळे खिडकी बंद करावीच लागते, पण त्याने खोलीतला घुमारा जात नाही. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती त्याला कारण.

पहिला उपाय फुकट आहे: माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर पुरे. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते सेटिंग) त्या मानाने कमी करा. 'प', 'फ' फुटत असतील तर माइक थोडा बाजूला सरकवून तोंडाकडे तिरका ठेवा.

कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या, माइकला त्याच्या पाठीमागचं कमी ऐकू येतं, पण बोलणाऱ्यामागची भिंत त्याच्या समोरच असते, म्हणून जाड गोधडी आधी बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. भिंतीपासून १० सेंटिमीटर अंतर सोडलं तर थोडे खालचे स्वरही शोषले जातात. एक इंची फोम फक्त वरचे स्वर खातो, मग आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. अंड्यांचे ट्रे? वेळ वाया. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा.

सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन पंख्यासारख्या एकसुरी आवाजासाठी असतं, घुमाऱ्यासाठी नाही. डी-रिव्हर्ब (घुमारा कमी करणारं टूल) वापरा, पण हलक्या हाताने, आणि कंप्रेसरच्या (लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणाऱ्या टूलच्या) आधी. कंप्रेसर शब्दामागची घुमणारी शेपटी वर उचलतो.