उंची वाढली आणि बटरफ्लाय मोडला

पोहण्यातला बटरफ्लाय बिघडला की पहिला संशय ताकदीवर येतो. खांदे कमी पडतात, दम पुरत नाही, पोरगं आळशी झालंय, असं पालक म्हणतात आणि पुष्कळदा प्रशिक्षकही म्हणतात. कोल्हापुरात मी मुलांना पोहायला शिकवते, आणि मला हे पटत नाही. चांगला पोहणाऱ्या मुलाचा बटरफ्लाय एकाएकी मोडतो तो बहुतेक वेळा तालात मोडतो.

जूनमध्ये एक गृहस्थ मुलाला घेऊन टँकवर आले. मुलगा चौदा वर्षांचा, लांबसडक. आधी तो दुसऱ्या एका ठिकाणी शिकत होता. "तुझ्यात आता दम राहिला नाही, बटरफ्लाय सोड," असं त्याला तिथं चारचौघांत सांगितलं होतं. पोर ते मनाला लावून बसलं होतं. मी काही विचारलं की उत्तर वडील द्यायचे आणि हा खाली फरशीकडं बघत उभा.

"मॅडम, मागल्या वर्षी शंभर मीटर एक मिनिट सातमध्ये मारत हुता. आता एक अकरा," वडील म्हणाले. "शेवटच्या पंचवीसला तर पार बसतोय बघा. जिम लावू का ओ?"

"दादा, जिमचं मागनं बघू. आधी त्याला पाण्यात बघते."

वडिलांची घाई मला समजत होती. कोल्हापुरात बटरफ्लायचं वेड आहे, आणि का नसावं? आमच्याच वीरधवल खाडेनं 2010च्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याआधी भारताला या स्पर्धेत पोहण्यात पदक मिळालं होतं ते थेट 1986 साली सोलला, खजान सिंग यांचं 200 मीटरचं रौप्य. तेही बटरफ्लायमध्येच.

मुलगा पाण्यात उतरला. पहिले चार-पाच स्ट्रोक, म्हणजे हातांच्या फेऱ्या, बघून वाटलं, ह्याला काय धाड भरलीय? मग हळूहळू कंबर खाली गेली. हात बाहेर काढताना कोपरापासून पुढचा भाग पाण्यातच राहायला लागला, श्वासासाठी हनुवटी वर, आणखी वर. पंचवीस मीटरला त्याला तेरा स्ट्रोक लागले. "आधी किती लागायचे?" विचारल्यावर तो पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "दहा. कधी कधी नऊ."

उंची वाढलेल्या मुलाला स्ट्रोक कमी लागायला हवेत, याला जास्त लागत होते. जिमनं सुटणारा प्रश्न हा नव्हे, हे मला तिथंच कळलं.

जे पोहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढं येतात आणि हातांच्या एका फेरीला दोन्ही पाय जोडून मारलेल्या दोन किक असतात. हात पुढं पाण्यात शिरतात तेव्हा पहिली, आणि पाणी मागं ढकलून हात मांड्यांपाशी बाहेर निघतात तेव्हा दुसरी. पहिलीनं कंबर वर येते, छाती पुढं सरकते. दुसरीचं काम जास्त नाजूक आहे. हात हवेतून पुढं येत असताना शरीराला पुढं रेटणारं दुसरं काहीच नसतं. तेवढा वेळ वेग टिकवायचा आणि खांदे पाण्यावर ठेवायचे ते या किकच्या जोरावर. ती चुकली की हात पाण्यातून ओढून आणावे लागतात, आणि असं फार वेळ कुणालाच जमत नाही, कितीही दंड कमावलेले असोत.

हातपायांचा हा मेळ मुळात जोडून बसवलेला आहे. 1930च्या दशकात काही ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पाय मारायचा प्रकार, पोहणारे हात पाण्यावरून पुढं आणू लागले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर या प्रशिक्षकांनी त्या हातांना जॅक सीग या जलतरणपटूची डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी मारायची किक, जोडली. ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात ती बसत नव्हती. शेवटी 1952मध्ये बटरफ्लाय हा वेगळा प्रकार ठरला आणि 1956ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आला. मुलांना मी हे मुद्दाम सांगते. हात आधी आले, पाय मागनं आले, आणि ते जुळवायला मोठ्यामोठ्यांना वर्षं लागली. तुमचे कधी सुटले तर लाज कसली?

आमच्या जीवरक्षकानं फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घातला, शेजारच्या लेनमध्ये डुबकी मारली आणि पाण्याखालून बाजूनं स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. बाहेर ऊन आलेलं, स्क्रीनवर काही दिसेना. म्हणून मी, मुलगा आणि वडील बाकावर एकाच टॉवेलखाली डोकी घालून बसलो. अंगठ्यानं व्हिडिओ इंच इंच पुढं सरकवला.

हात पुढं शिरले, पहिली किक बरोबर. हातांनी पाणी धरलं, कोपर वर, छान. हात पोटाखाली आले, बेंबीच्या रेषेत. तिथं मी बोट ठेवलं.

"पाय बघ."

पाय खाली जाऊन थांबलेसुद्धा होते. दुसरी किक संपली होती आणि हातांचा निम्मा रेटा अजून व्हायचा होता. व्हिडिओ पुढं सरकवला. हात मांड्यांपाशी पोचले, बाहेर निघायची वेळ झाली, तेव्हा पाय नुसते लोंबत होते. आधार नाही म्हणून डोकं वर, डोकं वर म्हणून कंबर खाली. मग पुढच्या स्ट्रोकची पहिली किक बुडालेली कंबर वर आणण्यातच खर्च.

वडिलांच्या फोनमध्ये मागच्या वर्षीच्या स्पर्धेचा व्हिडिओ होता, गॅलरीतून काढलेला. वरनं पाण्याखालचं दिसत नाही, पण एवढं दिसलं की हात बाहेर निघताना मागं टाचांचं पाणी त्याच क्षणी उडतंय. दर स्ट्रोकला. तेव्हा मेळ पक्का होता.

"गेल्या वर्षात उंची किती वाढली?"

"दिवाळीला घेतलेली पॅन्ट घोट्याच्या वर गेलीय," वडील म्हणाले.

उंची वाढते तसे हातही वाढतात. लांब हाताला पाणी धरून मांडीपर्यंत ढकलायला जास्त वेळ लागतो. पण पायांना जुनी सवय. ते आपल्या ठरलेल्या वेळी किक मारून मोकळे होतात.

"बाळा," मी म्हटलं, "तुझे पाय अजून मागच्या वर्षीच्या हातांसाठी किक मारतायत."

त्यानं माझ्या हातातला फोन घेतला आणि तोच तुकडा स्वतः पुन्हापुन्हा बघत राहिला. मग वडिलांकडं वळून म्हणाला, "पप्पा, दम हाय मला." त्यांनी मान हलवली. त्या एका वाक्यासाठी मला तो सगळा दिवस मोलाचा वाटतो. दीड हात उंच झालेल्या पोराला आळशी म्हणून हाकलणं फार सोपं असतं आणि फार वाईट असतं.

उपाय दोन होते. हात घाईनं ओढायचे, नाहीतर दुसरी किक जरा थांबून मारायची. हात घाईला आले की पाणी निसटतं, म्हणून मी किक थांबून मारायला लावली. खोल बाजूला उभ्यानं डॉल्फिन किक, हात छातीवर, गुडघ्यातून न मारता कंबरेतून. मग एका हाताचा बटरफ्लाय, दुसरा हात पुढं सरळ, श्वास फ्रीस्टाइलसारखा बाजूला. श्वास बाजूला घेतला की डोकं उचलायचा प्रश्नच येत नाही आणि लक्ष फक्त हात-पायाच्या वेळेवर राहतं. मी काठावर बसून किकबोर्डनं फरशीवर ठोके देत होते. हात शिरला, ठोका. हात मांडीला लागला, ठोका. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं आणि तिथंच मुलं फसतात. पहिल्यानंतर जरा दम खायचा, दुसऱ्यानंतर लगेच पुढचा स्ट्रोक.

मग दोन उजवे, दोन डावे, दोन पूर्ण. अंतर दहा-बारा मीटरच. ताल सुटला की तिथंच थांबायचं आणि फ्रीस्टाइलनं परत यायचं. दमल्यावर मारलेला वाकडा बटरफ्लाय हा वाकड्याचाच सराव, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. श्वासाचं शेवटी घेतलं. हातांनी पाणी धरायला सुरुवात केली की हनुवटी पुढं सरकवायची, वर उचलायची नाही, आणि हात खांद्यांच्या पुढं यायच्या आत तोंड परत पाण्यात.

बॅच संपता संपता त्याला एक पूर्ण पंचवीस मारायला सांगितलं. नऊ स्ट्रोक. जीवरक्षकानं काठावरून शिट्टी वाजवली. पोरगं हसत वर आलं आणि न विचारता वळून पुढचं पंचवीस मारायला गेलं. त्याला बारा लागले आणि कंबर पुन्हा खाली. वडिलांचा चेहरा पडला.

"असंच होणार," मी त्यांना म्हटलं. "आज त्याला कळलंय. अंगात मुरायला वेळ लागेल. पुढच्या स्पर्धेत त्याला फ्रीस्टाइल पोहू द्या, बटरफ्लायला नाव घालू नका."

"आणि टायमिंग?"

"टायमिंग आत्ता नको. स्ट्रोक मोजा." 2008ला बीजिंगमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, त्याला भिंत दिसेना, तेव्हा तो स्ट्रोक मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला, हे मी त्यांना सांगितलं. मुलाला ते आधीच ठाऊक होतं. ती वेळसुद्धा त्यानं मला सांगितली, 1:52.03.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलाय. रोज वॉर्मअपनंतर, अंग ताजं असताना, छोट्या अंतराचा बटरफ्लाय. नऊ-दहाच्या वर आकडा गेला की त्या दिवशीचा बटरफ्लाय बंद. महिन्यातून एकदा उंची आणि हातांची लांबी वहीत लिहायची आणि पाण्याखालून शूटिंग करायचं. सध्या पन्नासपर्यंत दुसरी किक वेळेवर येते. भिंतीला दोन्ही हात लावून वळल्यावर पहिल्या दोन स्ट्रोकला मात्र ती अजून घाई करते. त्यामुळे या आठवड्यात टर्न घेतलाय.