एक ‘रिटर्न’ राहिला आणि सगळे लेख कोरे

एका त्रैमासिकाच्या वर्डप्रेस संकेतस्थळावर प्रत्येक लेखाच्या शेवटी लेखक-परिचयाची ओळ आपोआप यावी, एवढेच आजचे काम होते. पूर्वी कोणीतरी ती ओळ थेट थीमच्या (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचाच्या) फाइलमध्ये लिहिली होती आणि थीम अद्ययावत होताच ती पुसली गेली. म्हणून मी चाइल्ड थीमच्या (मूळ थीम अद्ययावत झाली तरी शाबूत राहणाऱ्या जोड-थीमच्या) ‘फंक्शन्स’ फाइलमधून ‘द कंटेंट’ या फिल्टरला, म्हणजे लेखाचा मजकूर दाखवण्याआधी ज्यातून जातो त्या टप्प्याला, माझे फंक्शन (छोटा कोड) जोडले. संकेतस्थळ उघडून पाहतो तो शीर्षके जागच्या जागी आणि त्यांखालचे सर्व लेख कोरे! डेटाबेसमध्ये मजकूर सुखरूप होता, पण तो दिसेपर्यंत माझ्या तोंडचे पाणी पळाले. वर्डप्रेसमध्ये आपला कोड अडकवण्याच्या जागांना हुक म्हणतात आणि त्यांचे दोन प्रकार आहेत. ॲक्शन हुक आपल्याला ठरलेल्या क्षणी केवळ हाक मारतो, त्याला उत्तर नको असते. फिल्टर मात्र मजकूर आपल्या हाती सोपवून तो परत मिळण्याची वाट पाहतो, आणि मी नेमका तो परत करणारा ‘रिटर्न’ लिहायला विसरलो होतो. (१२ वर्षे हेच काम करतो आहे, हे सांगायला नको होते.)

पुढे क्लासिक एडिटरमध्ये (वर्डप्रेसच्या जुन्या लेखन-खिडकीत) लिहिलेल्या लेखांत त्या ओळीचा वेगळा परिच्छेद पडेना. परिच्छेद पाडणारे वर्डप्रेसचे स्वतःचे फंक्शन याच फिल्टरवर १० या प्राधान्याने चालते; आकडा जितका लहान, तितका क्रम आधी. आपण आकडा दिला नाही तर आपलेही १० धरले जाते, आणि समान आकड्यांत आधी नोंदलेल्याचा मान पहिला. मी ९ लिहिले आणि ओळ मुकाट्याने जागेवर बसली.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला: ‘‘छान झाले. फक्त ती ओळ तिरप्या अक्षरांत करता येईल का?’’