ठळक केलेली ओळ म्हणजे शीर्षक नव्हे

हस्तलिखिताची वर्ड फाइल उघडली की प्रकरणाचं नाव मधोमध, मोठ्या आणि ठळक अक्षरांत दिसतं. माणसाला ते शीर्षक आहे हे कळतं. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) तयार करणाऱ्या प्रोग्रामला मात्र तो १८ पॉइंटचा एक ठळक परिच्छेद असतो, बस. मग अनुक्रमणिका रिकामी निघते आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला पुढच्या प्रकरणावर उडी मारता येत नाही. लेखक-संपादकांना मार्कअप, म्हणजे मजकुराच्या भागांवर खुणा करणं, शिकवायचं ते एवढ्याचसाठी: ‘हे कसं दिसावं’ हे नव्हे, तर ‘हे काय आहे’ हे फाइलला सांगायची सवय लागावी म्हणून.

कल्पना नवी नाही. एसजीएमएल ही मार्कअपची पद्धत १९८६ साली आयएसओ मानक झाली, तिच्यावरून बेतलेली एक्सएमएल १९९८ साली आली. संशोधनपत्रिकांसाठी जॅट्स, तांत्रिक पुस्तिकांसाठी डॉकबुक, जुन्या संहितांसाठी टीईआय अशा खुणांच्या तयार शब्दावल्याही आहेत. पण ही यादी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नये. टॅग म्हणजे टोकदार कंसांतल्या खुणा; त्यांनीच सुरुवात केली की अर्धा वर्ग तिथेच हात टेकतो. लेखकाला टॅग दिसायचीही गरज नसते. त्याचं काम वर्डच्या स्टाइल्समध्ये, म्हणजे परिच्छेदाला किंवा शब्दाला द्यायच्या नावांच्या खुणांमध्ये, भागतं, टॅग पुढे यंत्र लावतं.

स्टाइल्स किती असाव्यात? साध्या पुस्तकाला दहा-बारा पुरतात: प्रकरणशीर्षक, उपशीर्षक, मजकूर, अवतरण, कविता, प्रसंगबदल, चित्रओळ, आणि परिच्छेदाच्या आतल्या शब्दांसाठी भर, ग्रंथनाम, परभाषी शब्द. चाळीस स्टाइल्सचा साचा हातात दिला तर लोक त्यातल्या चारच वापरतात, त्याही चुकीच्या. शीर्षकांसाठी वर्डची मूळची ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ हीच स्टाइल घ्यावी, ‘माझं शीर्षक’ असली घरगुती नको. रूपांतर करणारी साधनं मूळची नावं न सांगता ओळखतात. रंगरूप आवडत नसेल तर ‘मॉडिफाय’मध्ये जाऊन बदलावं. तिथेच ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ अशी एक चौकट असते. ती बंद आहे ना ते बघा. नाहीतर एका शीर्षकाला हौसेने तिरकं केलं की पुस्तकातली सगळी शीर्षकं तिरकी होतात, आणि दोष स्टाइल्सच्या माथी येतो.

पहिलं सत्र दीड तासाचं, आठ जणांपेक्षा मोठा गट नको, आणि प्रत्येकाने स्वतःच्याच मजकुराची दहा पानं आणावीत. सुरुवात संगणक बंद ठेवून करावी. छापलेल्या एका पानावरचे तिरपे शब्द शोधायला सांगा आणि प्रत्येकाशेजारी तो तिरपा का आहे ते पेन्सिलीने लिहायला लावा. एक ग्रंथाचं नाव निघतं, एक परभाषेतला शब्द, एकावर नुसताच जोर, एक पात्राच्या मनातलं वाक्य. दिसायला एक, अर्थ चार. देवनागरीत हे आणखी उपयोगी पडतं, कारण आपल्या बहुतेक फॉन्टना खरा इटॅलिक नसतोच, संगणक सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. ‘ग्रंथनाम’ अशी खूण असेल तर तिरपं नको, एकेरी अवतरणात हवं, हा निर्णय सीएसएसमध्ये (रूप ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलमध्ये) एकदाच घेता येतो. नुसता ‘इटॅलिक’ असेल तर माणसाला पुन्हा चारशे पानं चाळावी लागतात.

मग संगणक. वर्डमध्ये ड्राफ्ट व्ह्यू घ्या, ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड भागात ‘स्टाइल एरिया पेन’ची रुंदी तीन सेंटिमीटर करा. डाव्या समासात प्रत्येक परिच्छेदाच्या स्टाइलचं नाव दिसू लागतं. जिथे ‘हेडिंग’ हवं तिथे ‘नॉर्मल’ दिसलं की समजावून सांगायला काही उरत नाही. लगेच तीच फाइल पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या साधनातून सगळ्यांसमोर ईपबमध्ये बदलून दाखवावी. स्वतः बनवलेल्या स्टाइल्सची नावं राखायची असतील तर पॅनडॉकला तसं वेगळं सांगावं लागतं, एरवी तो ती गाळतो.

या प्रयोगात हमखास फुटणाऱ्या जागा ठरलेल्या. दोनदा एंटर दाबून दाखवलेला प्रसंगबदल: रिकामा परिच्छेद रूपांतरात गळतो आणि दोन प्रसंग एकमेकांना चिकटतात. हाताने पानाच्या तळाशी टंकलेली टीप: ईपबमध्ये ठरलेलं पान नसतं, त्यामुळे ती वाक्याच्या मधोमध येऊन बसते. त्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबून खरी तळटीप घालावी. टॅबने मांडलेला तक्ता फोनवर विस्कटतो. कवितेत कडव्याच्या आतल्या ओळीला शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की एंटर. आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तो बदला. फाइलमध्ये तिथे देवनागरी नसतेच, दुसरीच अक्षरं देवनागरीचं सोंग घेऊन बसलेली असतात.

मार्कडाउनवर, म्हणजे साध्या मजकुरात अधोरेषा-तारकांनी खुणा करण्याच्या पद्धतीवर, काम चालत असेल तर मराठीची एक खास खोच आहे. आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहितो. त्यामुळे _ग्रंथ_मध्ये असं अधोरेषांनी लिहिलं तर जोर लागत नाही, रेषा तशाच छापल्या जातात, कारण शब्दाच्या पोटातली अधोरेषा कॉमनमार्कचा (मार्कडाउनच्या नियमावलीचा) नियम खूण मानत नाही. तारका चालतात: *ग्रंथ*मध्ये. पण *‘ग्रंथ’*मध्ये असं लिहिलं की पुन्हा बिघडतं. बंद होणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर आलं तर त्या बंद करणारी खूण धरल्या जात नाहीत. अवतरणचिन्ह बाहेर काढा, ‘*ग्रंथ*’मध्ये, की सुटलं. हे माहीत नसेल तर संपादक तास-तासभर तारका मोजत बसतो.

संपादकांसाठी दुसरं सत्र वेगळं घ्यावं, विषय तपासणी. ईपबचेक हा प्रोग्राम फाइलची बांधणी तपासतो: बंद न झालेला टॅग, तुटका दुवा, मोकळं सुटलेलं & चिन्ह. पण सगळी शीर्षकं नुसती ठळक परिच्छेद असली तरी तो खुशाल पास करतो. अर्थ त्याला कळत नाही. डेझी या सुगम वाचनासाठी काम करणाऱ्या संस्थेचं ‘एस’ हे साधन थोडं पुढे जातं, शीर्षकांच्या पातळ्या उड्या मारतात का आणि चित्रांना पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठीचं वर्णन) आहे का ते दाखवतं. मात्र तो मजकूर बरोबर आहे का, हे माणसानेच वाचायचं. तो लेखकाकडूनच लिहून घ्यावा, एक-दोन वाक्यांत, आणि हस्तलिखितासोबतच. चित्र का घातलं हे त्यालाच ठाऊक असतं.

साचा टिकावा म्हणून वर्डच्या ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’मधून निवडक स्टाइल्सच खुल्या ठेवता येतात. ठळकचं बटण मग चालतच नाही. लेखक पहिल्या आठवड्यात कुरकुरतात. कुलूप लावण्याआधी ‘भर’ ही स्टाइल कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवा, नाहीतर ते मजकूर दुसऱ्याच फाइलमध्ये लिहून पाठवतात.