पाचपाखाडी ते ऑकलंड: टॅगवरची तीन अक्षरं

एजंट म्हणाला होता, "काकू, तेरा-चौदा तासांचा प्रवास." अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, भागाकार केला आणि मोकळा झाला. मुंबईहून ऑकलंडला थेट विमानच नाही, ते कोण सांगणार? सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, पुढे दहा. तरी सिंगापूर अगदी वाटेवर आहे, वळसा जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचा.

अडलं ते सहार विमानतळाच्या काउंटरवर. स्वस्त पडतं म्हणून एजंटनं दोन विमानांची दोन वेगळी तिकिटं काढली होती, आणि हे मला तिथे उभी असताना कळलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बॅग सिंगापूरपर्यंतच जाईल. तिथे बाहेर येऊन घ्या, परत चेक-इन करा." मध्ये वेळ एक तास पन्नास मिनिटं. सिंगापूरचा व्हिसा माझ्याकडे नाही, बाहेर येऊ कशी? "मग तुम्हाला पाठवता येणार नाही," एवढं बोलून तिनं मागच्या माणसाला पुढे बोलावलं. बॅग वजनकाट्यावर, मी बाजूला. संताप आला, डोळ्यांत पाणीही आलं. ऑकलंडच्या लेकीला फोन लावला, तिच्याकडे पहाटेचे चार. ती म्हणाली, "आई, तिथून हलू नकोस. सुपरवायझरला बोलव आणि दुसऱ्या तिकिटाचा नंबर दाखव. पीएनआर नाही, तेरा आकडी नंबर."

सुपरवायझर यायला अर्धा तास लागला. त्यांनी तो नंबर एकेक आकडा बघत टाइप केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा मशीनमधून बॅगेच्या टॅगची पांढरी पट्टी सरसरत बाहेर आली. तिच्यावर एकेएल ही तीन ठळक अक्षरं होती, म्हणजे ऑकलंड विमानतळ. दोन्ही कंपन्यांचा आपसात करार होता म्हणूनच हे जमलं. पन्नास मिनिटं गेली त्यात.

म्हणून एजंटला तास-किलोमीटर नंतर विचारा. आधी विचारा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का आणि बॅग शेवटपर्यंत जाते का. तेरा आकडी नंबराचं प्रिंटआउट हातात ठेवा, मोबाइलवर शोधत बसू नका.

तारीखही नीट बघा. मी १० जानेवारीला रात्री साडेअकराला निघाले आणि उतरले १२ तारखेला, मध्यरात्र उलटून वीस मिनिटांनी. जानेवारीत तिथे उन्हाळा, तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, एप्रिलपासून साडेसहा. जावई ११ तारीख धरून बसले होते. खरा प्रवास सतरा तास वीस मिनिटांचा, पण ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत पूर्ण एक दिवस धरा. येताना वारा समोरून असतो, त्यामुळे आणखी वेळ लागतो.

आणि हो, खाण्याचं सगळं न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मध तर नेऊच नका. मी गोडा मसाला लिहिला होता. अधिकाऱ्यानं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. बाहेर आले तेव्हा लेक माझ्याआधी बॅगेकडे धावली, तो टॅग बघायला.